मागच्या बाकाखालची वायर

जळगावच्या स्टेशन रस्त्यावर, कापसातली सरकी काढणाऱ्या एका जिनाच्या भिंतीला टेकून लोटन मिस्त्रीचं पत्र्याचं दुकान होतं. दुकानावर पाटी नव्हती. पाटी लावून करायचं काय? पाचोऱ्याच्या रस्त्याला मोटार बंद पडो की चोपड्याच्या, बघणारा पहिला माणूस हेच सांगायचा, “बैल जुपा आन लोटनकडे ओढत न्या.”

लोटन मूळचा धुळ्याकडचा. पांझरेकाठच्या खेड्यात बापाची थोडी जिरायती आणि खाणारे भाऊ चार. म्हणून अठराव्या वर्षी तो जळगावला आला आणि जिनात इंजिनाला तेल घालायच्या कामावर राहिला. तिथं त्याला एक विद्या सापडली. इंजिन बिघडलं की हातातली तेलाची बुधली खाली ठेवायची, लोखंडी सळईचं एक टोक इंजिनाला अन् दुसरं कानाला लावायचं, डोळे मिटायचे आणि सांगायचं, “डावीकडचं बेरिंग बोंबलतंय.” खोललं की डावीकडचंच निघायचं. पुढं खान्देशात मोटारी वाढल्या, तसा तो जिनातून सुटला आणि सळईसकट रस्त्यावर आला. लोक म्हणत, डॉक्टर नाडी बघतो तसा लोटन मोटार बघतो.

पण ह्या माणसात एक वांधा होता. ‘माहीत नाही’ हे दोन शब्द त्याच्या जिभेवर कधी बसलेच नाहीत. ज्या दुखण्याचं नाव त्याला ठाऊक नसे, त्याला तो ‘विलायती खोड’ म्हणायचा. एकदा कोणी त्याच्याकडे बंद पडलेला फोनोग्राफ आणला. लोटननं तो खोलला, तासभर आत बघितलं आणि परत बंद करून म्हणाला, “विलायती खोड शे. गाणारा बदलावा लागेल.” लोक हसले. लोटनही हसला. पण ‘मला कळलं नाही’ असं काही त्यानं म्हटलं नाही. पंधरा वर्षांत कमावलेलं नाव म्हणजे मातीचं मडकं. एक टिचकी बसली की गेलं, अशी त्याला आतून धास्ती होती.

सदतीस सालची गोष्ट. दिवाळी उलटून आठ दिवस झाले होते. फैजपूरकडच्या अभिमन नानांनी त्या साली जुनी मोटार घेतली. नाना केळीचे मोठे बागाईतदार. साठीला आलेले, डोक्याला पांढरं पागोटं, बोलणं धिम्मं. मोटार धुळ्याच्या चौथ्या गल्लीतल्या एका खानदानी घरातली होती. त्या घरात कडक गोषा. मोटारही तशीच, बंद टपाची, मागच्या खिडक्यांना जाड पडदे. घरची म्हातारी अक्का वारली आणि लेकांनी मोटार विकायला काढली. नानांनी ती घेतली ती ड्रायव्हरसकट.

ड्रायव्हर धनसिंग. पन्नाशीचा, उंच, मिशा पांढऱ्या, बोलायला कंजूष. आठ वर्षं त्यानं तीच मोटार हाकली होती. तिच्या चाकाखाली कधी कोंबडं आलं नव्हतं. नानांनी त्याला केळीच्या बागेशेजारची एक खोली देऊ केली होती. देवदिवाळीला बायको आणि भांडीकुंडी घेऊन यायचं, असं ठरलं होतं. त्या वयात माणसाला नवी चाकरी मिळते कुठं? धनसिंगला ती मिळाली होती, आणि तीही आपल्या मोटारीसह. खेड्यावर नेण्याआधी मोटार एकदा लोटनच्या नजरेखालून जाऊ द्या, असं नानांनी सांगितलं म्हणून धनसिंग ती घेऊन दुकानात आला.

लोटननं मोटार आडवीउभी तपासली. मागचा बाक उचलला, खालच्या फळ्या काढल्या, आणि तिथं त्याला ती वायर दिसली. काळ्या सुती वेष्टणाची, करंगळीपेक्षा बारीक. बाकाच्या डाव्या अंगाला कोपऱ्यात तिचं टोक मोकळंच लोंबत होतं. दुसरं टोक गादीच्या अस्तरामागं जाऊन कुठंतरी गडप झालं होतं.

“धनसिंगभाऊ, हाई काय शे?” लोटननं विचारलं.

धनसिंगनं वाकून पाहिलं आणि लगेच तोंड फिरवलं. “व्हई काहीतरी जुनं. ऱ्हाऊ दे तठेच.”

तेवढ्यात चिंधा टांगेवाला येऊन टेकला. स्टेशनावर गाडी नसली की ह्याचा मुक्काम लोटनच्या दुकानात. मोटारींनी त्याच्या धंद्याला खार लावला होता, त्यामुळं मोटार उघडी पडलेली बघायला त्याला भारी गोड वाटायचं. त्यानं आल्या आल्या आपल्या घोड्याची एक चावट गोष्ट सुरू केली. लोटननं ऐकता ऐकता वायर हातात घेतली, चाकू लावला, टोक मोटारच्या पत्र्याला टेकवून पाहिलं. ठिणगी नाही. पुन्हा टेकवलं. नाही.

“मेली शे,” लोटन म्हणाला.

“मेली ते दिसतंच आहे,” चिंधा म्हणाला, “पण जिती होती तेव्हा काय करायची? घोड्याले शेपूट राहते ते माशा हाकलाले. मोटारच्या शेपटीचं काय काम, मिस्त्री?”

लोटननं वायर सोडून दिली आणि दुसऱ्याच कामाला हात घातला. चिंधानं ते बरोबर टिपलं.

दुसऱ्या दिवशी नाना आले ते नेमके चिंधाच्याच टांग्यातून. दुकानापुढं चार-सहा माणसं होती. कापूस विकायला आलेले शेतकरी, जिनातले दोघं-तिघं. टांग्यातून उतरायच्या आधीच चिंधानं वर्दी दिली, “नाना, तुमच्या मोटारीले आतून शेपूट निघालंय! आन् ते कशाचं, ते आमच्या मिस्त्रीले कालपासून उमगलेलं नाही!”

माणसं हसली. नानांनी लोटनकडे बघितलं. “काय रे लोटन? कोन्ती वायर?”

लोटनच्या कानाच्या पाळ्या तापल्या. त्याला अजून ठाऊक नव्हतं. अस्तर उसवून दुसरं टोक शोधायला अर्धा दिवस लागला असता, आणि तेवढा वेळ आता हसणाऱ्या माणसांपुढं नव्हता. बोलायच्या आधी त्याचं तोंड बोलून गेलं.

“दिव्याची आहे, नाना. मागं बसणाऱ्यांसाठी छताला दिवा असतो. बिलोरी काचेचा, विलायती. भारी वस्तू.”

“दिवा?” नाना म्हणाले. “मले तं कोणी दिवा सांगितला नही.”

इथं लोटननं थांबायला हवं होतं. आपल्या साऱ्या हयातीत थांबायची हीच एक जागा होती, असं तो पुढं मनाशी म्हणत राहिला. पण सगळे त्याच्या तोंडाकडे बघत होते, चिंधाचंही हसू मावळलं होतं, आणि गेलेलं मडकं पुन्हा हातात आल्याचं सुख त्याला झालं. तो वाकला. वायरचं टोक ओढून त्यानं उन्हात धरलं. तांबं सोन्यासारखं लखलखलं.

“तांबं बघा, नाना. जुनं कापलेलं काळं पडतं, हिरवा गंज धरतं. हे ताजं आहे. चार दिवसांच्या आतलं. दिवा धुळ्याहून निघाला असेल. तुमच्यापर्यंत पोचला नाही.”

कोणीच नाव घेतलं नाही. घ्यायची गरज नव्हती. धुळ्याहून जळगावपर्यंत मोटारीत एकच माणूस होता.

धनसिंग बॉनेटपाशी उभा होता. त्याच्या हातातलं फडकं थांबलं. “नाना,” तो म्हणाला, “त्या मोटारमा दिवा व्हताच नही. आठ वरीसमा मी दखा नही.”

“मंग वायर कशाची हाये?”

धनसिंगनं फडकं खांद्यावर टाकलं.

“तुले ठाऊक हाये?”

“ठाऊक शे,” धनसिंग म्हणाला. “पन ते माले इचारू नका.”

“इचारू नको?” नानांचा आवाज पहिल्यांदा चढला. “माह्या मोटारीचं मीच इचारू नको? बापा, चोर तरी खोटं बोलतो. तू तं तेबी बोलून नही राह्यला.”

मागून चिंधा पुटपुटला, “धुळ्याचा दिवा, जळगावला अंधार.” एक-दोघं फिसकन हसले.

धनसिंगनं मोटारीचं दार उघडलं. आपली वळकटी काढली. मग खांद्यावरचं फडकं घेऊन त्यानं स्टिअरिंगचं चाक सगळीकडून पुसलं, रोज सकाळी पुसत असेल तसं, सावकाश. चावी मडगार्डवर ठेवली. नानांना लवून नमस्कार केला, लोटनकडे बघितलंही नाही, आणि स्टेशनच्या दिशेनं चालू लागला. त्याची चाल काही चोरासारखी नव्हती. ते लोटनला तेव्हाच जाणवलं होतं, पण त्यानं मनाला समजावलं, मुरलेला असेल.

मोटारवाल्यांची दुनिया लहान. आठवड्यात ती गोष्ट पाचोरा, चाळीसगाव, धुळे सगळीकडे पोचली. सांगणारा प्रत्येकजण शेवटी एवढं जोडायचा, “लोटन मिस्त्रीनं तांबं पाहून चोर पकडला.” लोटनचं नाव आणखी मोठं झालं.

पंधरा दिवस गेले. एका सकाळी दुकानात मालाची मोटार उभी होती, पुढच्या दिव्याची वायर तुटलेली. लोटन तिच्या मालकाशी गप्पा मारत होता. बोलता बोलता त्याची नजर आपल्या हाताकडे गेली. डाव्या हातात वायर, उजव्या हातात चाकू. वेष्टण मागं सारलेलं, काळं तांबं खरवडून काढलेलं, आणि टोक सोन्यासारखं लखलखतंय. हे त्यानं कधी केलं, ते त्याला आठवेना. कारण हे तो करतच नव्हता, हात करत होते. वीस वर्षं जी वायर हातात येईल तिचं टोक आधी खरवडायचं, मग ठिणगी बघायची. विडी ओढणारा काडी ओढतो तसं.

आणि त्याला चिंधाची घोड्याची चावट गोष्ट आठवली. ती ऐकताना आपल्या हातात काय होतं, तेही आठवलं.

ते ताजं तांबं त्यानंच ताजं केलं होतं.

लोटननं चाकू मिटला आणि खिशात टाकला. खिशात तो निखाऱ्यासारखा वाटायला लागला. समोरचा माणूस काहीतरी विचारत होता, लोटन “हां, हां” म्हणत होता. त्या दिवसापासून भाकरीचा घास त्याच्या तोंडात फिरू लागला. कोणी ‘तांबं पाहून चोर पकडला’ म्हणून पाठीवर थाप मारली, की त्याला तिथून पळून जावंसं वाटे. पण तो कुणाला काही बोलला नाही. तांबं मी खरवडलं असेल, पण म्हणून दिवा नव्हताच असं थोडंच आहे, असं तो मनाशी म्हणे. वायर आहे म्हणजे तिला काहीतरी होतंच. आणि तो माणूस सांगत का नव्हता? अशी एकेक काडी लावून तो स्वतःला सावरी, आणि रोज त्यातली एक काडी मोडे.

पौषात नानांची मोटार पुन्हा आली. नवा ड्रायव्हर फैजपूरचाच, गिअर असे घालायचा की दोन गल्ल्यांना ऐकू जाई. मोटार चार दिवस ठेवून नाना निघून गेले. लोटननं त्या दिवशी भर दुपारी दुकानाची अर्धी फळी लावली आणि एकट्यानं मोटारीचं अस्तर उसवायला घेतलं. जे दोन महिन्यांपूर्वी करायला हवं होतं, ते आता चोरून करत होता.

वायर मागच्या कोपऱ्यातून निघून छताच्या कडेनं पुढं गेली होती. तिचं दुसरं टोक सापडलं ते ड्रायव्हरच्या उजव्या कानामागच्या खांबात. त्याला कोणीतरी कापडाची पट्टी गुंडाळून नीट गाठ मारली होती. पट्टी सोडली. आतलं तांबं काळं, त्यावर हिरवा गंज. कित्येक महिन्यांचं. शेजारी लाकडात स्क्रूची दोन भोकं, आणि वाटीएवढा एक गोल डाग, तिथला रंग उडालेला नव्हता. मागच्या बाजूला, बाकाच्या डाव्या हाताशी, पडद्याच्या आडोशाला, तशीच भोकं आणि रुपयाएवढा लहान डाग.

पुढं वाटी, मागं रुपाया. पुढं घंटी आणि मागं तिची कळ. दिवा नव्हे, बिलोरी काच नव्हे. लोकांच्या दारावर असते तसली साधी बिजलीची घंटी. मागून दाबायची, पुढं वाजायची.

एवढी फुसकी वस्तू. मग धनसिंगनं सांगितलं का नाही?

तेवढ्यात अर्ध्या फळीतून वाकून कमलबाई आत आली. लोटनची बायको. रोज दुपारी ती जेवण घेऊन येई. कळण्याची भाकरी, भरीत, कांदा. तिनं फडकं सोडलं आणि मोटारीकडे बघितलं. एवढी वर्षं मोटारींच्या दुकानात ये-जा करून ती एकाही खाजगी मोटारीत बसली नव्हती.

“बठू का मझार?” ती हसत म्हणाली.

“बठ.”

कमलबाई मागच्या बाकावर बसली. पदर सावरला, डावा हात सहज बाजूला टेकवला. तिचा अंगठा बरोबर त्या रुपयाएवढ्या डागावर पडला. लोटन बघतच राहिला.

“तठे एक कळ व्हती,” तो म्हणाला. “दाबी का डायवरना कानजोडे घंटी वाजे. काबर लायी व्हई?”

“काबर म्हंजे?” कमलबाईनं त्याच्याकडे अशी नजर टाकली जशी एखाद्या खुळ्याकडे टाकावी. “मांगे कोन बठस?”

“कोन?”

“बाया बठतस. मोटार थांबाडनी राही तं बाई काय वरडी? गोषानं घर. परका मानूसले हाका मारी का?”

“पन थांबाडनी काबर?”

कमलबाईनं भाकरीच्या फडक्याची घडी घातली, ती उलगडली, पुन्हा घातली.

“आपू धुळाथून येत व्हतूत,” ती खाली बघत म्हणाली. “आठ वरीस व्हई गयं. सर्विस मोटारवर. तुमी पुढे डायवरजोडे बठेल व्हतात. पारोळंपाईन माले... मी कोनले सांगू? मझार बठ्ठा माणसं. तुमनाकडे दखं, तुमी इंजिनन्या गोष्टी करी ऱ्हायनात. एरंडोल येवालोंग दात खाईसन बठनू. मंग नही ऱ्हावायनं.”

लोटनला आठवलं. एरंडोलला उतरल्यावर हिचं लुगडं ओलं होतं. ती म्हणाली होती, पाण्याचा लोटा सांडला. आणि आपण सगळ्या उतारूंपुढं तिच्यावर खेकसलो होतो, एक लोटा धरता येत नाही म्हणून. त्यावर तो ड्रायव्हर हसला होता. आपणही हसलो होतो.

“लोटा,” तो म्हणाला.

“हां. लोटा,” कमलबाई म्हणाली. “लोटा घरनी कोठडीमा व्हता. आनेलच नही व्हता.”

तिनं भाकरी त्याच्यापुढं सरकवली आणि मोटारीतून उतरली. लोटननं ती भाकरी खाल्ली नाही. आठ वर्षं एका खोट्या लोट्याबद्दल त्यानं तिला अधूनमधून टोमणे मारले होते.

दुसऱ्या दिवशी तो धुळ्याच्या सर्विस मोटारीत बसला. पुढं ड्रायव्हरशेजारी जागा होती. ओळखीचा ड्रायव्हर बोलावत होता. लोटन मागं जाऊन बसला.

धनसिंग त्याला एका जिनाच्या आवारात सापडला, रुईच्या गठाणी ढकलताना. डोक्यावर, मिशांवर कापसाचे तंतू. एकाही मोटारवाल्यानं त्याला उभं केलं नव्हतं. तांबं पाहून पकडलेला चोर. किल्ली कोण देणार?

लोटनला पाहून त्यानं गठाणीवरचे हात काढले नाहीत. “काय नवं चोरायनं जळगावमा?”

“धनसिंगभाऊ, ते तांबं मी खरवाडेल व्हतं. मन्हाच हाते. माले याद नही ऱ्हायनं. आन वायर कशानी ते बी समजनं. घंटीनी.”

धनसिंगनं आता हात काढले. इकडेतिकडे बघितलं. “कोनले सांगं?”

“कोनलेच नही. मन्ही बायकोनी वळखं.”

“बाईनीच वळखी,” धनसिंग म्हणाला. तो गठाणीवर बसला. जमिनीकडे बघत बोलू लागला. “अक्काले साखरना रोग व्हता. कोसकोसवर मोटार उभी करनी पडे. आवाज देवाना नही, आन देवाले बी कसा देई? म्हनीसन घंटी. एक वाजनी का मी मोटार झाडजोडे उभी करू, उतरू, आन पुढे पन्नास पाऊल जाईसन पाठ करी उभा ऱ्हाऊ. दोन वाजन्यात का परत येऊ. आठ वरीस. अक्काना आवाज कसा व्हता, ते माले आजलोंग म्हाईत नही. मी घंटीच वळखू. अक्का गयी, लेकेस्नी घंटी काढी लिधी. मी वायरले गाठ मारी.”

“एवढंच सांगतास तं...”

“कोठे सांगतू?” धनसिंगनं मान वर केली. “बजारमा? त्या टांगावाला पुढे? चार दिनमा त्यानी अक्कावर गानं करं असतं. मरेल बाईनी लाज मी उघडी करू, मन्ही चाकरीसाठे?”

लोटननं वाकून धनसिंगच्या पायांना हात लावायला घेतला. धनसिंगनं पाय मागं घेतले.

“पाय नको धरू. आठे कोन दखस? मन्हं नाव तू बजारमा टाकं. बजारमाच उचल. आन अक्कानं नाव नही निंघाले पाहिजे.”

“पन कशानी वायर, ते नही सांगं तं लोक मानतीन कसा?”

“ते तू दख,” धनसिंग म्हणाला आणि पुन्हा गठाणीला भिडला. “मिस्त्री तू शे.”

परतीच्या वाटेवर पारोळं गेलं, एरंडोल गेलं. लोटन सगळा रस्ता एकच हिशोब घालत होता आणि तो सुटत नव्हता. जे ठाऊक नव्हतं ते ठाऊक असल्यासारखं बोलून एका माणसाला बुडवला. आता ते ठाऊक झालं, आणि ते बोलायचं नाही.

नाना मोटार न्यायला आले तो बाजाराचा दिवस होता. दुकानापुढं गर्दी. चिंधा तर होताच. लोटननं हातातला पाना ठेवला, हात पुसले आणि नानांपुढं उभा राहिला. त्याला वाटलं होतं, नानांना एका बाजूला घेऊन सांगावं. पण धनसिंगला काही कोणी बाजूला घेऊन चोर म्हटलं नव्हतं.

“नाना,” तो म्हणाला. “त्या मोटारीत दिवा नव्हता. मी खोटं बोललो.”

गर्दी पुढं सरकली.

“तांबं ताजं होतं, कारण आदल्या दिवशी मीच ते चाकूनं खरवडलं होतं. सवयीनं. ह्या चिंधापुढं. वायरचं दुसरं टोक गंजलेलं आहे, या, दाखवतो. धनसिंगनं काही चोरलं नाही. वायर कशाची ते मला उमगलं नव्हतं, आणि तसं म्हणायची लाज वाटली, म्हणून मी दिवा रचला.”

नाना मोटारीत वाकले, खांबातलं गंजलेलं टोक त्यांनी स्वतः बघितलं, बोटानं चाचपलं. बाहेर आले तेव्हा त्यांचं तोंड उतरलेलं होतं. “त्यानं मले नमस्कार केला व्हता जातांनी,” ते एवढंच म्हणाले. मग लोटनकडे वळले. “मंग आता सांग. वायर कशाची?”

सगळे त्याच्या तोंडाकडे बघत होते. तसेच, जसे त्या दिवशी. उत्तर त्याच्या जिभेवर होतं, तयार, खरं. ते सांगितलं असतं तर मिस्त्री शेवटी ओळखतोच म्हणून अर्धी लाज तरी राहिली असती. चिंधानं मान पुढं केली होती.

“माहीत नाही,” लोटन म्हणाला.

“काय?” चिंधा ओरडला. “मिस्त्री, पुन्हा म्हणा! कान धुतले नव्हते मी!”

“माहीत नाही.”

गर्दी जी हसली, ती जिनाच्या आतपर्यंत ऐकू गेली. फळीशी जेवणाचं फडकं घेऊन कमलबाई उभी होती. ती हसली नाही.

“कापून टाक मंग ती,” नाना म्हणाले.

“राहू द्या, नाना. तिचं काही ओझं नाही.” लोटननं दोन्ही टोकांना कापडाची पट्टी गुंडाळली, गाठ मारली आणि अस्तर परत शिवून टाकलं.

त्या दिवसापासून जळगावात त्याचं नाव ‘माहीत नाही मिस्त्री’ पडलं. सत्तेचाळीस साली झेंडावंदनाला जमलेल्या गर्दीतही चिंधानं त्याला त्याच नावानं हाक मारली, आणि लोटननं ओ दिली. काही गिऱ्हाइकं गेली. काही राहिली, कारण सळई अजून खरं सांगत होती. ती खरं सांगत नसे तेव्हा लोटन ते दोन शब्द म्हणायचा. ते त्याला कधी सोपे झाले नाहीत; दर वेळी कानाच्या पाळ्या तापायच्याच.

नानांनी धुळ्याला माणूस पाठवून धनसिंगला परत आणलं. केळीच्या बागेशेजारच्या खोलीत त्याची भांडीकुंडी लागली. मोटार दुरुस्तीला आणायचा तो लोटनकडेच, नानांचा हुकूम होता. पण दुकानात त्यानं पुन्हा पाऊल ठेवलं नाही. मोटार दाराशी उभी करायचा, चावी मडगार्डवर ठेवायचा, आणि रस्त्यानं पुढं पन्नास पावलं जाऊन, दुकानाकडे पाठ करून उभा राहायचा. काम संपलं की लोटन काही हाक मारत नसे. दोनदा हॉर्न वाजवायचा. मग धनसिंग वळायचा.